हरवलेली बाप्तिस्म्याची नोंद

ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं देवळाच्या भिंतींचा, वेदीचा व घंटेचा इतिहास पुष्कळ सांगितला जाईल. आम्ही मात्र वाचकांचें लक्ष कपाटांतील जुन्या वह्यांकडे वेधूं इच्छितों. हल्लीं अनेक तरुण घरबसल्या संगणकावर पूर्वजांचा शोध घेतात आणि पणजोबांचें नांव न मिळाल्यास येऊन विचारतात, "फादर, आमची नोंद हरवली कीं काय?" त्यांस आमचें उत्तर असें कीं, नोंद हरवणें निराळें आणि ती भलत्या ठिकाणीं शोधणें निराळें.

बाप्तिस्म्याची वही ठेवण्याचा दंडक त्रेन्तच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं घातला. हेतु वंशावळीचा नव्हता. बाप्तिस्म्यानें बालक व त्याचे धर्ममातापिता यांच्यांत जें आध्यात्मिक नातें जडतें, तें त्या काळीं विवाहास आड येत असे; त्याचा विसर पडूं नये म्हणून त्यांचीं नांवें लिहावयाचीं. पुढें १६१४ सालीं पांचवे पॉल पोप यांनीं प्रसिद्ध केलेल्या रोमन विधिग्रंथांत बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, कुटुंबस्थिति व मृत्यु अशा पांच वह्या सांगितल्या आहेत. तेव्हां एका वहींत न सांपडलेला मनुष्य दुसरींत सांपडूं शकतो. शिवाय १९०८ सालापासून विवाहाची टीप बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीं लिहिण्याची आज्ञा आहे. म्हणून शोध नेहमीं अलीकडून पलीकडे न्यावा: मृत्यूवरून विवाह, विवाहावरून बाप्तिस्मा.

आमच्या वसई प्रांतावर धर्मसत्ता वारंवार पालटल्या. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यावर युरोपीय पाद्री बहुतेक निघून गेले आणि गोव्याच्या आर्चबिशपांच्या सत्तेखालील एतद्देशीय धर्मगुरूंनीं येथील कळप सांभाळला. १८८६ सालीं दमणचा धर्मप्रांत निर्माण होऊन वसई व साष्टी त्यांत गेलीं. १९२८ सालीं तो मोडून हा मुलूख मुंबईस जोडला. आणि १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. ज्या घराण्यानें आपला गांव कधीं सोडला नाहीं, त्यावरही गोवा, दमण, मुंबई व वसई अशा चार धर्मपीठांची सत्ता येऊन गेली. १९१७ च्या नियमसंहितेनें वह्यांची नक्कल दरसाल बिशपांच्या कचेरींत धाडावयास सांगितलें होतें. तेव्हां देवळांतील पान वाळवीनें खाल्लें असल्यास, त्या सालीं बिशप कोठले होते हें पाहून नकलेची चौकशी करावी. मुंबई शहरांत तर १७९४ सालीं देवळें दोन सत्तांत वांटलीं गेलीं, दोन एकीकडे व दोन दुसरीकडे. तेथें एकाच वस्तींतील भावंडांच्या नोंदी दोन देवळांत निघाल्यास नवल मानूं नये.

परंतु नोंद न सांपडण्याचें सर्वांत साधें कारण आपल्या घरांतच आहे. पहिलें बाळंतपण माहेरीं, ही आपली जुनी रीत. बाप्तिस्म्यास विलंब लावूं नये, ही ख्रिस्तसभेची शिकवण. दोहोंचा परिणाम असा कीं, थोरल्या अपत्याचा बाप्तिस्मा पुष्कळदां आईच्या गांवच्या देवळांत होई. लोक बापाच्या गांवची वही चाळतात आणि निराश होतात! आधीं आजीचें माहेर विचारा. मूल अगदींच अशक्त असेल तर सुईण घरींच बाप्तिस्मा देई; तें जगलें तर उरलेले विधि मागाहून देवळांत होत, आणि न जगलें तर त्याचें नांव मृतांच्या वहींत शोधावें लागतें.

दुसरी अडचण नांवांची. घरीं ज्यास दुमिंग म्हणत, तो पोर्तुगीज नोंदींत दोमिंगोस व लॅटिन नोंदींत दोमिनिकुस होतो. जुजे हा जोझे किंवा योसेफुस, आणि इनास हा इग्नातियुस. जुन्या पोर्तुगीज वळणाच्या सूचींत क्रमही बहुधा आडनांवाचा नसून पहिल्या नांवाचा असतो. आडनांवें तर एकाच गांवांत शेंकडों घरांचीं एकच. म्हणून केवळ नांव जुळलें एवढ्यावर कोणास आपला पूर्वज ठरवूं नये. आईबाप, गांव व धर्ममातापिता हीं जुळलीं पाहिजेत. चुकीचा पणजोबा जोडून घेण्यापेक्षां वंशावळींत एक जागा रिकामी ठेवणें अधिक सत्याचें होय.

संगणकावरील साधनांचा आम्ही अनादर करीत नाहीं. मात्र त्यांची मर्यादा जाणावी. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींतील मुंबई इलाख्याचें बाप्तिस्मा-दफ्तर आतां संगणकावर पाहतां येतें. परंतु तें मुख्यत्वें युरोपीय व मिश्रवंशीय लोकांचें आहे. तेथें वसईच्या कोळ्याचें, वाडवळाचें वा सामवेदीचें नांव नाहीं, म्हणून तो ख्रिस्ती नव्हता असें होत नाहीं. तसेंच २००८ सालीं रोमहून सर्व बिशपांना कळविण्यांत आलें कीं, मॉर्मन पंथाच्या यूटा येथील वंशावळी-संस्थेस धर्मग्रामांच्या वह्यांच्या नकला घेऊं देऊं नयेत. कारण तो पंथ मृतांच्या नांवें बाप्तिस्मा देतो. शिवाय ह्या वह्यांत अनाथांच्या, दत्तकांच्या व दुःखी मातांच्या गोष्टी लिहिलेल्या आहेत. धर्मगुरु आपली नोंद काढून देईल, सबंध वही हातीं देणार नाहीं. त्याचा राग मानूं नये. उद्यां तीच वही तुमच्याही घराची अब्रू राखील.

आणि नोंद खरोखरच नाहींशी झाली असेल तर? विवाहाच्या तोंडावर असें घडलें म्हणजे घरांत रडारड होते. त्या भाविकांस आम्ही धीर देऊन सांगतों: शाई पुसली जाते, संस्कार पुसला जात नाहीं. १९८३ च्या नियमसंहितेच्या ८७६ व्या कलमाप्रमाणें, कोणाचें नुकसान होत नसेल तर एका निःसंशय विश्वासू साक्षीदाराचें म्हणणें बाप्तिस्म्याच्या पुराव्यास पुरेसें आहे. परंतु साक्षीदार जिवंत असला पाहिजे!

म्हणून वाचकहो, ज्युबिलीची एवढीच भेट आम्ही मागतों. घरांतील वृद्धांपाशीं बसून कोणाचा बाप्तिस्मा कोणत्या देवळांत झाला, धर्ममातापिता कोण होते, आजीचें माहेर कोणतें, हें ह्याच वर्षीं लिहून काढा. जुन्या प्रार्थनापुस्तकाच्या कोऱ्या पानावर कोणीं तारीख टिपली असल्यास तें पान जपा. ज्यांनीं श्रद्धेचा हा ठेवा आपल्या हातीं दिला, त्यांचीं नांवें आपल्या आळसामुळें नाहींशीं होऊं नयेत, अशी बुद्धि परमेश्वर आपणां सर्वांस देवो.