टेबलभर पसरलेला लेसर चिपवर कसा मावला?

लेसर तुम्हाला नवीन नाही. चेहरा ओळखून उघडणाऱ्या बऱ्याच फोनमध्ये मोहरीएवढे लेसर असतात. मग क्वांटम लॅबमध्ये अजूनही टेबल भरून लेसर का लागतात?

कारण अणू भयंकर चोखंदळ असतात. रुबिडियमला 780 नॅनोमीटरचा प्रकाश हवा, सिझियमला 852. तरंगलांबी जराशी सरकली की अणू ढुंकूनही बघत नाही. अणूंवर चालणाऱ्या क्वांटम कॉम्प्युटरमध्ये अणू थंड करायचे, पकडून ठेवायचे, उत्तर वाचायचं, हे सगळं लेसरनेच होतं. फोनमधल्या लेसरचा रंग मात्र थोडाच बदलता येतो.

इथे टायटेनियम-सफायर लेसर कामाला येतो. टायटेनियम मिसळलेला नीलमच म्हणा ना! (रंग मात्र गुलाबी.) पीटर मोल्टन यांनी 1982 मध्ये अमेरिकेत तो पहिल्यांदा चालवून दाखवला. साधारण 650 ते 1100 नॅनोमीटरपर्यंत हवा तो रंग त्यातून काढता येतो. अडचण एकच. या क्रिस्टलमध्ये भरलेली ऊर्जा जेमतेम 3 मायक्रोसेकंद टिकते. फुटक्या बादलीसारखं आहे, गळतंय त्याहून जोरात भरायचं. त्यासाठी काही वॅटचा हिरवा लेसर शेजारी ठेवावा लागतो आणि सगळा संच एक लाख डॉलरच्याही वर जातो.

जून 2024 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या येलेना वुच्कोविच यांच्या टीमने 'नेचर'मध्ये यावरचा उपाय मांडला. त्यांनी सिलिकॉन डायऑक्साइडवर क्रिस्टल बसवला, घासून-पॉलिश करून काहीशे नॅनोमीटर जाडीचा केला आणि त्यात प्रकाशासाठी बारीक वाट कोरली. भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणलं की कागद पेटतो ना, तसंच इथे आहे. ऊन तेवढंच, जागा कमी, म्हणून तीव्रता जास्त. अरुंद वाटेत कोंडलेल्या प्रकाशाला म्हणूनच थोडी पॉवर पुरते. साधा हिरवा लेसर पॉइंटरही चालतो. चिपवर एक छोटा हीटर आहे, तो वाट तापवून रंग बदलतो. नेहमीच्या यंत्राच्या तुलनेत आकार 10,000 पट लहान आणि किंमत 1,000 पट कमी, असा टीमचा दावा आहे.

मला यात आकारापेक्षा किंमत महत्त्वाची वाटते. एक लेसर परवडत नाही म्हणून किती तरी लॅब या प्रयोगांपासून लांबच राहतात. पण 'अख्खा लेसर चिपवर' असं कुणी म्हणालं तर थांबवा. ऊर्जा देणारा हिरवा लेसर अजून चिपच्या बाहेरच आहे.