कॅप्टन नोएल यांचा एव्हरेस्ट-चित्रपट : एक साधनचिकित्सा

इतिहासाचें साधन म्हटलें कीं पत्र, सनद, बखर, ताम्रपट अथवा नाणें यांचें स्मरण होतें. गेल्या सव्वाशें वर्षांत या मालिकेंत आणखी एकाची भर पडली आहे. तें म्हणजे प्रवाशानें परमुलखांत स्वतः घेतलेलें चलच्चित्र. याविषयीं अभ्यासकांत दोन पक्ष आढळतात. एक पक्ष म्हणतो, जें डोळ्यांनीं दिसतें तें प्रत्यक्षच. त्यास दुसरा पुरावा कशाला? दुसरा पक्ष त्यास करमणुकीची वस्तु समजून दप्तराबाहेर ठेवतो. आम्हांस हे दोन्ही पक्ष एकांगी वाटतात. पोथीस जी कसोटी आपण लावतों तीच या साधनास लावली असतां तें कोठवर बोलतें व कोठें मुकें राहतें, हें एका उदाहरणावरून दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

जॉन बॅप्टिस्ट ल्यूशियस नोएल (१८९०–१९८९) हे ब्रिटिश फौजेंतील अधिकारी. चित्रपटाच्या धंद्यांत ते वाढलेले नव्हते. शिपाईगिरी हा त्यांचा पेशा आणि कॅमेरा हा छंद. उत्तर हिंदुस्थानांत पलटणीबरोबर असतां, १९१३ सालीं त्यांनीं हिंदी मुसलमानाचा वेष घेतला, परवानगीवांचून तिबेटांत प्रवेश केला व एव्हरेस्टपासून सुमारें ४० मैलांपर्यंत मजल मारली. तेथें तिबेटी शिपायांनीं त्यांस मागें फिरविलें. १९१९ सालीं लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढें त्यांनीं या प्रवासाची हकीकत वाचली, आणि एव्हरेस्टवर मोहीम काढण्याच्या विचारास त्यामुळें चालना मिळाली. स्कॉट यांच्या दक्षिणध्रुवाकडील मोहिमेचें हर्बर्ट पॉन्टिंग यांनीं घेतलेलें चलच्चित्र नोएल यांनीं पुनःपुन्हा पाहिलें होतें. तसेंच कांहीं हिमालयांत आपण करावें, ही आकांक्षा तेथून उपजली. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ज्या देशाचें चित्र ते पुढें घेणार होते, त्या देशांत त्यांचा पहिला प्रवेश चोरपावलांनीं झालेला होता.

१९२२ च्या मोहिमेबरोबर नोएल चित्रणासाठीं गेले. न्यूमन-सिंक्लेअर बनावटीचा कॅमेरा त्यांनीं सुमारें २३,००० फुटांवर, म्हणजे नॉर्थ कोल या खिंडीपर्यंत नेला. फिती धुण्यासाठीं पायथ्याच्या तळावर काळोखा तंबू उभारला होता, व त्या वाळविण्यास याकच्या शेणाची ऊब वापरावी लागे. त्याच मोहिमेंत ७ जून रोजीं हिमकडा कोसळून सात भारवाहक मृत्यु पावले. पुढें १९२४ सालीं नोएल यांनीं वेगळीच योजना केली. एव्हरेस्ट कमिटीस ८,००० पौंड देऊं करून मोहिमेच्या चित्रणाचे सर्व हक्क त्यांनीं स्वतःकडे घेतले. दार्जिलिंग येथें फिती धुण्याची प्रयोगशाळा उभारली, आणि जासुदांच्या हातीं फितींचे डबे तेथें रवाना होऊं लागले. या व्यवहारास आम्ही महत्त्व देतों. ज्यानें एवढी रक्कम गुंतविली त्यास ती वसूल करणें प्राप्त होतें. अर्थात् चित्रांत काय ठेवावें व तें कसें मांडावें, यावर तिकिटांच्या उत्पन्नाचा भार पडला. बखर कोणाच्या आज्ञेवरून लिहिली गेली, हें आपण प्रथम विचारतों. येथेंही तोच प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

या सामग्रींतून 'द एपिक ऑफ एव्हरेस्ट' हा मूक चित्रपट सिद्ध झाला व डिसेंबर १९२४ मध्यें लंडनच्या स्काला नाट्यगृहांत दाखविण्यांत आला. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनें त्याचा जीर्णोद्धार करून २०१३ सालीं तो पुन्हा लोकांपुढें आणला. ती प्रत आम्हीं दोन वेळां पाहिली. पहिल्या खेपेस सर्व जसें आहे तसें पाहिलें. दुसऱ्या खेपेस, मधली लेखी पाटी येतांच पडद्यापुढें पुठ्ठा धरण्यास आमच्या नातवास बसविलें. न्यायशास्त्रांत प्रत्यक्षाच्या लक्षणांत 'अव्यपदेश्य' असें एक पद आहे. शब्दाचा संपर्क होण्यापूर्वींचें जें ज्ञान तें प्रत्यक्ष, असा त्याचा एक अर्थ केला जातो. हें पद आम्हीं पुस्तकांतून अनेकदां वाचलें होतें. त्याचें मर्म त्या पुठ्ठ्यानें शिकविलें.

पुढील प्रसंग पहावा. ८ जून १९२४ रोजीं मॅलरी व अर्व्हिन शिखराकडे गेले ते परत आले नाहींत. ओडेल त्यांच्या शोधार्थ वर गेले. शोधाचा निकाल खालच्या मंडळींस कळविण्यासाठीं कांबळ्यांच्या खुणा ठरलेल्या होत्या. नॉर्थ कोलच्या बर्फावर कांबळीं फुलीच्या आकारांत मांडलेलीं दिसलीं, तेव्हां आशा संपली असें खालच्यांनीं जाणलें. ही खूण नोएल यांनीं दूरच्या भिंगांतून टिपली आहे. पाटी झांकून पाहतां, पांढऱ्या उतारावर कांहीं काळीं चिन्हें यापलीकडे तेथें कांहीं नाहीं. दोन माणसांच्या मृत्यूची वार्ता चित्रांत नाहीं. ती संकेतांत आहे, आणि संकेत म्हणजे शब्दच. मॅलरी यांचा देह १९९९ सालीं व अर्व्हिन यांचें बुटासह एक पाऊल २०२४ सालीं सांपडलें, तरी ते शिखरावर पोंचले होते काय, हा प्रश्न उरलाच आहे. सारांश, चित्र हें मूळ आणि पाटी ही टीका. टीकेवांचून मूळ अबोल राहतें हें खरें. परंतु टीकाकार हाच चित्राचा मालक असेल, तर टीका पारखून घेणें हें संशोधकाचें कर्तव्य ठरतें.

दुसऱ्या प्रसंगाचे परिणाम याहून दूरवर गेले. प्रेक्षकांस तिबेटची प्रचीति यावी म्हणून ग्यान्त्से येथील सात लामा लंडनला आणले गेले. ढोल, झांजा व लांब कर्णे वाजवून ते रंगभूमीवर नृत्य करीत, व मग चित्र सुरू होई. मठाच्या अंगणांत जें धर्मकृत्य, तें येथें तिकिटाचा खेळ झालें. शिवाय, अंगावरील उवा काढून त्या दातांनीं मारल्या जात असल्याचें एक दृश्य चित्रपटांत होतें. तेराव्या दलाई लामांच्या सरकारास या गोष्टी अपमानकारक वाटल्या. लामांस ल्हासाच्या परवानगीवांचून देशाबाहेर नेलें, ही तक्रार निराळीच. त्यांस परत पाठवावें, व यापुढें अशा मोहिमांस परवानगी मिळणार नाहीं, असें तिबेट सरकारनें कळविलें. त्यानंतरची मोहीम १९३३ सालींच एव्हरेस्टकडे जाऊं शकली.

तर मग एका चित्रपटानें तिबेटचा दरवाजा नऊ वर्षें बंद केला, असें म्हणावें काय? येथें घाईनें निर्णय करूं नये. सरकारी पत्रव्यवहाराच्या आधारें इतिहासकारांनीं इतर कारणेंही पुढें मांडलीं आहेत. मोहिमेंतील हॅझर्ड हे ठरलेली वाट सोडून त्सांगपो नदीकडे गेले होते. सिक्किममधील पोलिटिकल ऑफिसर बेली यांचा कल या मोहिमांस अनुकूल नव्हता, आणि ल्हासाशीं होणारा व्यवहार त्यांच्याच हातून जाई. त्याच सुमारास ल्हासांत नव्या पद्धतीचें सैन्य वाढवूं पाहणारा पक्ष व मठांचा पक्ष यांत ओढाताण चालली होती. तेव्हां चित्रपट हें एकमेव कारण नव्हे. तथापि केवळ निमित्त म्हणून तो सोडून देणेंही आम्हांस मान्य नाहीं. ज्यास तक्रार करावयाची त्यास सबळ व उघड कारण चित्रपटानेंच पुरविलें, आणि कारण सबळ होतें याचें कारण तो अपमान खरा होता. आमच्या विवेचनास महत्त्वाची गोष्ट अशी कीं, यांपैकीं एक अक्षरही चित्रपटांत नाहीं. दप्तर नसतें तर केवळ चित्र पाहणाऱ्यास हा तंटा स्वप्नांतही कळला नसता. उलट, अखेरच्या पाट्यांत पर्वताच्या दैवी शक्तीची व लामांच्या भाकिताची छाया पसरली आहे. ज्यांच्या उवा पडद्यावर मोठ्या करून दाखविल्या, त्यांच्याच दैवतांकडून अपयशास गांभीर्य उसनें आणलें.

एवढें म्हणूनही या साधनाची किंमत कमी होत नाहीं. तिबेटी लोकजीवनाचें यापेक्षां जुनें चलच्चित्र फारच थोडें आहे. रोंगबुकचा मठ पुढें चिनी सांस्कृतिक क्रांतीच्या काळांत उद्ध्वस्त झाला व नंतर कांहीं अंशीं पुन्हा बांधला गेला. ज्या चित्रपटानें तिबेटी मन दुखावलें, त्याच चित्रपटांत त्या मुलखाचें पूर्वरूप टिकून राहिलें आहे. यास्तव साधन टाकूं नये, आणि त्यापुढें मानही तुकवूं नये.

आमच्या संग्राहक बंधूंस याचा उपयोग काय, तें सांगून लेख संपवितों. १९२२ सालीं साडेनऊ मिलिमीटरची व १९२३ सालीं १६ मिलिमीटरची फीत बाजारांत आली, आणि चलच्चित्र घेणें हौशी प्रवाशाच्या आवांक्यांत आलें. विलायतेस किंवा आफ्रिकेस जाऊन आलेल्या आपल्याकडील घराण्यांच्या कपाटांतही अशीं रिळें निघण्याचा संभव आहे. तीं मिळाल्यास डबा, त्यावरील चिठ्ठी, सोबतचीं पत्रें व तिकिटें एकमेकांपासून विलग करूं नयेत. पोथीचें वेष्टन आपण फेंकून देत नाहीं. फितीस शिरक्यासारखा आंबूस वास येऊं लागल्यास ती कुजूं लागली असें समजून थंड व कोरड्या जागीं ठेवावी, व जाणत्याकडून लवकर प्रत करवून घ्यावी. जुनी ३५ मिलिमीटरची नायट्रेट फीत अत्यंत ज्वालाग्राही असते. ती घरीं चालवून पाहण्याचा मोह टाळावा. प्रत झाली म्हणून मूळ टाकूं नये.

आज तर खिशांतील दूरध्वनीनें जो तो परदेशांत चित्रण करतो. त्यांसही आमची एकच विनंती आहे. चित्र कोठें, केव्हां व कोणीं घेतलें, आणि ज्याचें घेतलें त्याचें नांव काय व त्याची संमति होती कीं नाहीं, हें चार ओळींत लिहून सोबत ठेवावें. उवांच्या त्या दृश्यांतील माणसांचीं नांवें शोधण्यासाठीं आम्हीं तेवढ्या वेळापुरता नातवास पुठ्ठा बाजूस घेण्यास सांगितलें. पाटीवर तीं नव्हतीं.