जुना कॅमेरा आणि नवा कॅमेरा : हस्तलिखितांच्या छायाचित्रणाच्या इतिहासातील एक प्रश्न

यवतमाळ येथील डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांनी ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध केला आणि शारदाश्रमाच्या रूपाने हस्तलिखितांचा मोठा संग्रह त्या नगरीत उभा केला. त्यांच्या पिढीच्या संशोधकापुढे साधनाच्या निवडीचा प्रश्न फारसा नव्हता. पोथी मिळवावयाची, तिच्यासमोर बसावयाचे आणि हाताने नक्कल उतरवून घ्यावयाची, ही रीत होती. आज विदर्भातील एखाद्या विभागाने असा संग्रह चित्रबद्ध करावयाचा म्हटले, की पहिली सभा कॅमेऱ्याच्या खरेदीवरच खर्ची पडते. दहा-बारा वर्षांपूर्वीचा, स्वस्तात मिळणारा, आरसा नसलेला अंकीय कॅमेरा घ्यावा, की याच वर्षी बाजारात आलेला घ्यावा, असा हा वाद असतो. तो केवळ तांत्रिक वा आर्थिक मानला जातो. वस्तुतः त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो ध्यानात घेतल्यास निर्णयाचे स्वरूपच बदलते.

प्रथम नावाविषयी. ‘मिररलेस’ हे नाव जे आहे त्यावरून पडलेले नसून जे नाही त्यावरून पडलेले आहे. अशी अभाववाचक नावे संक्रमणकाळाची निदर्शक असतात. मोटारगाडी नवी असताना तिला ‘बिनघोड्याची गाडी’ म्हणत, आणि घोडा विसरला गेल्यावर ते नावही गेले. १९२५ साली लाइपझिग येथे लोकांपुढे आलेल्या लायका कॅमेऱ्यातही आरसा नव्हता, पण त्याला कोणी आरसाविरहित म्हटले नाही, कारण आरशाची अपेक्षाच तेव्हा रूढ झालेली नव्हती. तेव्हा ‘मिररलेस’ हा शब्द त्या यंत्रापेक्षा ते वापरणाऱ्या पिढीच्या सवयीविषयी अधिक सांगतो.

आरसा आला कशासाठी, हे पाहणे येथे अगत्याचे आहे. लायकासारख्या कॅमेऱ्यात पाहण्याची खिडकी वेगळी आणि चित्र घेणारे भिंग वेगळे. दूरच्या दृश्यात हा फरक जाणवत नाही, परंतु हातभर अंतरावरील पोथीचे पान टिपताना डोळ्याला दिसणारी चौकट आणि फिल्मवर उमटणारी चौकट यांत अंतर पडते. पानाची एक कडा कापली जाते, आणि ती कोणती हे फिल्म धुऊन झाल्यावरच कळते. भिंगामागे तिरपा आरसा बसवून तेच दृश्य डोळ्याकडे वळविण्याची युक्ती या अडचणीवर उतारा म्हणून फार उपयोगी पडली. पस्तीस मिलिमीटर फिल्मचा किने-एक्साक्टा १९३६ साली, पंचकोनी लोलक असलेला काँटॅक्स-एस १९४९ साली आणि जगभर मान्यता पावलेला निकॉन-एफ १९५९ साली आला. आरशाने अडचण सोडविली, पण नवी आणलीही. चित्र घेण्याच्या क्षणी आरसा वर उडतो, त्याचा हादरा बसतो आणि मंद प्रकाशात बारीक अक्षराची कड पुसट होते. अंकीय कॅमेऱ्यात सेन्सर स्वतःच भिंगातून आलेले दृश्य सतत दाखवू शकतो. आरशाचे मूळ प्रयोजनच तेथे संपले.

हा बदल प्रत्यक्षात आणणारा पहिला भिंग बदलता येणारा कॅमेरा पॅनासोनिकचा जी-१ होय. तो २००८ साली आला. पुढच्याच वर्षी ऑलिंपसचा ई-पी-१, २०१० साली सोनीची नेक्स मालिका आणि २०१३ साली ३६ × २४ मिलिमीटर एवढा पूर्ण चौकटीचा सेन्सर असलेला सोनीचा ए-७ आला. निकॉन व कॅनन यांनी पूर्ण चौकटीचे आरसाविरहित कॅमेरे २०१८ साली बाजारात आणले. म्हणजे ज्याला आज ‘जुना’ म्हणून बाजूला सारले जाते तो कॅमेरा फार तर दीड दशकाचा आहे. ज्या पोथीचे चित्र घ्यावयाचे ती तीन-चारशे वर्षांची असते.

नवे साधन आले की जुने निरुपयोगी ठरते, ही समजूत या विषयाच्या इतिहासात एकदा स्पष्टपणे खोटी ठरलेली आहे. ओल्या कलोडियनची काचपट्टी आर्चरने १८५१ साली प्रचारात आणली. काच ओली असेपर्यंतच चित्र घेऊन ती धुवावी लागे, त्यामुळे काळोखाचा तंबू बरोबर वागवावा लागे. १८७१ साली मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या पट्टीची रीत सांगितली आणि काही वर्षांत प्रवासी छायाचित्रकारांनी ओली पट्टी टाकून दिली. परंतु नकाशे, आराखडे व मजकूर यांच्या छपाईसाठी प्रती घेणाऱ्या कार्यालयांतून तीच ओली पट्टी पुढे कित्येक दशके वापरात राहिली. तिचा कण अतिसूक्ष्म, रेषा काळी-पांढरी स्पष्ट आणि खर्च थोडा. कॅमेरा जागचा हलवावयाचा नसेल तर तंबूची अडचण अडचणच उरत नाही. पुण्याच्या शासकीय मुद्रणालयाच्या ‘फोटोझिंको’ या नावात त्या युगाची खूण अद्याप टिकून आहे. प्रवासासाठी नवे श्रेष्ठ ठरले आणि मेजावरील कामासाठी जुने, असे तेव्हा घडले.

मात्र त्या जुन्या पट्टीचे अंधत्वही सांगितले पाहिजे. ती निळ्या प्रकाशालाच संवेदनशील होती, तांबडे व पिवळे तिला काळे दिसे. मराठी पोथ्यांत हिंगुळाने लिहिलेल्या तांबड्या ओळी असतात आणि चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप दिलेला असतो. अशा पट्टीवर हरताळ काळ्या डागासारखा उमटणार, आणि लेखकाने चूक दुरुस्त केली की शाई सांडली हे चित्रावरून ठरविणे कठीण होणार. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार ज्या क्रियेतून आला ती क्रियाच चित्रातून नाहीशी व्हावी, हा योगायोग चमत्कारिक खरा.

आता प्रस्तुत वाद अंकांवर तपासून पाहता येतो. समजा, पोथीचे पान बारा इंच लांब आहे. भोवतीचा समास व रंगपट्टी धरून चौकट सव्वातेरा इंचांची होईल. २००८ च्या जी-१ मध्ये लांबीला ४००० पिक्सेल आहेत. प्रत्येक इंचास सुमारे ३०० पडले. चोवीस दशलक्ष पिक्सेलच्या नव्या कॅमेऱ्यात लांबीला ६००० असतात, तेथे इंचास सुमारे ४५० पडतील. अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा अनुस्वाराचा बिंदू पहिल्या चित्रात सहा पिक्सेलांचा आणि दुसऱ्यात नवांचा होईल. बिंदू दोन्हींत दिसेल.

जुन्या मराठीच्या अभ्यासकास या बिंदूचे महत्त्व निराळे सांगावयास नको. ‘देवे’ आणि ‘देवें’ यांत विभक्तीचा प्रश्न आहे, ‘करी’ आणि ‘करीं’ यांत पुरुषाचा व अर्थाचा. महानुभावीय सकळ लिपीत तर एका अक्षराच्या जागी ठरावाने दुसरे लिहिलेले असते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे व वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे या लिपीचा उलगडा विद्वानांपुढे आला, तोपर्यंत ती संप्रदायाबाहेरच्यांस बंदच होती. तेथे संदर्भावरून अक्षर ओळखण्याची वाचकाची नेहमीची सोय अपुरी पडते. जे आहे तेच चित्रात आले पाहिजे.

पण खरी अडचण बिंदू दिसण्याची नाही, तो ओळखण्याची आहे. कसरीने पाडलेले छिद्र आणि लेखकाने दिलेला अनुस्वार हे सरळ वरून टाकलेल्या प्रकाशात सारखेच दिसतात, कारण छिद्रातून खालच्या पानाची शाई वा सावली डोकावते. पंचेचाळीस दशलक्ष पिक्सेलांनीही त्यांतील भेद कळत नाही, छिद्र अधिक सुबक दिसते एवढेच. पानाखाली निळसर किंवा हिरवट कागद सरकविला की छिद्र त्या रंगाचे दिसते आणि अनुस्वार काळाच राहतो. दिवा बाजूने, पानाच्या पातळीला जवळजवळ समांतर ठेवून दुसरे चित्र घेतले की छिद्राची कड सावली टाकते. हा उपाय एका कागदाच्या व एका दिव्याच्या किमतीचा आहे. खरेदीच्या सभेत त्याचा उल्लेख सहसा होत नाही.

नव्या कॅमेऱ्यांची जी वैशिष्ट्ये जाहिरातीत ठळक असतात त्यांपैकी पुष्कळशी या कामी गैरलागू आहेत. हात थरथरला तरी चित्र स्थिर ठेवण्याची सोय स्टँडवर बसविलेल्या कॅमेऱ्यास नको असते, किंबहुना ती बंदच ठेवावी लागते. प्राण्याचा डोळा शोधून त्यावर भिंग खिळविण्याची शक्ती २०१९ च्या सुमारास आली. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात वाघाची वाट पाहणाऱ्यास ती वरदान आहे, पोथीचे पान मात्र पळून जात नाही. नव्यातील दोनच गोष्टींचा येथे खरा लाभ आहे. पहिली, सेन्सर सूक्ष्म अंतराने सरकवून अनेक चित्रे घेण्याची व ती एकत्र करण्याची. साध्या सेन्सरमध्ये प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो व उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अनुमानाने भरले जातात. सेन्सर सरकविला की, ज्या कॅमेऱ्यांत तशी रचना आहे त्यांत, प्रत्येक बिंदूला तिन्ही रंग प्रत्यक्ष मोजून मिळतात. ऑलिंपसने २०१५ साली आणि सोनीने २०१७ साली ही सोय निरनिराळ्या रीतींनी आणली. हिंगुळ व हरताळ असलेल्या पानास ती मोलाची आहे. अट एवढीच, की पान तसूभरही हलता कामा नये, आणि छताच्या पंख्याखाली ती अट पाळली जात नाही. दुसरी गोष्ट सेन्सर जलद वाचला जाण्याची. जुन्या कॅमेऱ्याचे निःशब्द, इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचते, आणि सेकंदाला शंभर वेळा लुकलुकणाऱ्या ट्यूबच्या किंवा स्वस्त एलईडीच्या प्रकाशात चित्रावर आडवे पट्टे उमटतात. परंतु तेथेही जुन्यातले यांत्रिक शटर वापरले, किंवा उत्तरेकडील खिडकीचा प्रकाश घेतला, तर अडचण बहुतेक मिटते.

याच जिल्ह्यात भाषाशास्त्राचे दुसरे काम आहे आणि तेथे निकाल उलटा लागतो. पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणी या भागांतील कोलामांची कोलामी ही द्राविड कुळातील भाषा आहे. एमेनो यांचे तिच्यावरील पुस्तक १९५५ साली निघाले. आज त्या भाषेतील कथा व संभाषण चलच्चित्रासह नोंदवावयाचे तर पुष्कळ जुने कॅमेरे अपुरे पडतात. अनेकांत बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याची जागा नाही, आणि एकोणतीस मिनिटे एकोणसाठ सेकंद होताच चित्रण आपोआप थांबते. ही मर्यादा यंत्राची नसून युरोपातील जकातीची होती. अर्ध्या तासाहून अधिक चित्रण करणारे यंत्र तेथे चलच्चित्र कॅमेरा ठरून त्यावर अधिक जकात बसे. ब्रसेल्सच्या जकातपत्रकाने कोलाम वृद्धेची कथा मध्येच तोडावी, असा हा प्रकार. अशा कामास नवा कॅमेराच घ्यावा. केवळ उन्हाळ्यात, पारा चाळीस अंशांच्या वर असताना, लहान देहाचा कॅमेरा उच्च प्रतीच्या चित्रणात तापून बंद पडू शकतो, हे ध्यानात ठेवून सकाळची वेळ निवडावी.

जुना घ्यावयाचा ठरला तर वयापेक्षा त्याचे कूळ पाहणे महत्त्वाचे. निकॉनची ‘वन’ मालिका २०११ साली निघाली आणि २०१८ साली बंद झाली. सॅमसंगची एनएक्स मालिका २०१० साली सुरू होऊन काही वर्षांतच लोपली. त्यांची भिंगे व विद्युत्घट यांना वारस नाही. उलट २००८ सालच्या मायक्रो फोर थर्ड्स बैठकीची व २०१० सालच्या सोनी ई-बैठकीची भिंगे आजच्या कॅमेऱ्यांवर बसतात. ऑलिंपसने कॅमेऱ्यांचा व्यवसाय २०२१ च्या आरंभी दुसऱ्या कंपनीकडे सोपविला, तरी ती बैठक चालूच राहिली. म्हणून उरलेली रक्कम सपाट पान कडेपर्यंत स्पष्ट दाखविणाऱ्या मॅक्रो भिंगावर, भक्कम स्टँडवर व दोन स्थिर दिव्यांवर खर्चावी. कॅमेऱ्याचा देह पुढे बदलता येतो.

एक मुद्दा जुन्या-नव्याच्या पलीकडचा आहे, आणि तोच सर्वांत गंभीर आहे. कनिंगहॅमच्या १८७७ च्या शिलालेखसंग्रहातील पट हाताने उतरवून शिळाछापावर छापलेले होते. फ्लीटच्या १८८८ च्या खंडात शाईच्या ठशांवरून यांत्रिक रीतीने केलेले पट आले. या दोहोंमधील फरक सुबकतेचा नव्हे. पहिल्यात उतरविणाऱ्याला जे अक्षर वाटले ते उमटे, दुसऱ्यात दगडावर जे होते ते. आजचे नवे कॅमेरे व त्यांच्यासोबतच्या आज्ञावल्या चित्र ‘सुधारून’ देतात. कण पुसतात, कड धारदार करतात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अस्पष्ट अक्षर आपल्या अनुमानाने पुरे करतात. हाताने पट उतरविणारा लेखनिक अशा रीतीने मागच्या दाराने परत आला आहे, फरक एवढाच की त्याचे नाव-गाव आता विचारता येत नाही.

यास्तव सेन्सरने मोजलेली मूळ, असंस्कारित संचिका जपून ठेवणे अवश्य आहे. प्रत्येक निर्मात्याची ती स्वतंत्र घडणीची असल्यामुळे २००४ साली अडोबीने प्रसृत केलेल्या डीएनजी या खुल्या रूपातही तिची एक प्रत करावी. पोथीच्या शेवटी लेखक पुष्पिकेत शक, तिथी, गाव आणि कोणासाठी लिहिले हे नोंदवीत असे. चित्रसंचाच्या शेवटीही तसे एक टिपण असावे : कॅमेरा व भिंग कोणते, दिवे किती व कोणत्या कोनात, पानाखाली कोणत्या रंगाचा कागद होता, आणि कोणत्या पानांवर छिद्रे आढळली.