बुधाच्या ४३ विकला

केप्लरचे नियम शिकवताना आपण फळ्यावर लंबवर्तुळ काढतो, एका नाभीपाशी सूर्य दाखवतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. फळ्यावरचे लंबवर्तुळ जागचे हलत नाही. आकाशातले मात्र हलते. बुधाच्या कक्षेतला सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू, म्हणजे उपसूर्य बिंदू, सूर्याभोवती अगदी सावकाश पुढे सरकत असतो. इतर ग्रहांच्या ओढीमुळे तो शंभर वर्षांत सुमारे ५३१ विकला सरकायला हवा. (एक अंश म्हणजे ३,६०० विकला.) प्रत्यक्षात तो सरकतो सुमारे ५७४ विकला. हिशेबाबाहेर उरतात ४३. पूर्ण चंद्रबिंबाची रुंदी साधारण १,८०० विकला असते. म्हणजे ही जादा सरक एका चंद्रबिंबाएवढी व्हायला चार हजारांहून अधिक वर्षे लागतील! पण एवढ्याशा फरकाने खगोलशास्त्रज्ञांना अर्धशतकाहून अधिक काळ स्वस्थ बसू दिले नाही.

हा फरक १८५९ साली दाखवून दिला तो फ्रेंच गणिती उर्बेन लव्हेरिए यांनी. त्यांच्या गणितात तो ३८ विकला आला होता. १८८२ मध्ये अमेरिकेच्या सायमन न्यूकम यांनी तो सुधारून ४३ केला. लव्हेरिए यांना अशा कोड्याचा अनुभव होता. युरेनस गणिताप्रमाणे चालत नाही, याचे कारण पलीकडचा एखादा अज्ञात ग्रह असावा असे मानून त्यांनी त्या ग्रहाची जागा काढली होती. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाल्ले यांना त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. मग बुधाच्या बाबतीतही तीच युक्ती का चालू नये? बुध आणि सूर्य यांच्यामध्ये आणखी एखादा ग्रह असला पाहिजे, असे त्यांनी सुचवले. लेस्कार्बो नावाच्या खेड्यातल्या एका डॉक्टरांनी सूर्यबिंबावरून काळा ठिपका जाताना पाहिल्याचे कळवले आणि या ग्रहाला ‘व्हल्कन’ हे नावही मिळाले. १८७८ च्या खग्रास सूर्यग्रहणात तो दिसल्याचा दावा दोन निरीक्षकांनी केला, पण इतर कोणालाही तो दिसला नाही. नंतरच्या ग्रहणांतही तो सापडला नाही. व्हल्कन अस्तित्वातच नव्हता.

ग्रह नाही, तर मग काय? येथे दोन वाटा फुटतात. पहिली वाट अशी, की न्यूटनचा नियम बरोबर माना आणि न दिसणारे द्रव्य शोधा. जर्मनीचे झेलिगर याच वाटेने गेले. सूर्याभोवती पसरलेल्या विरळ धुळीवरून परावर्तित होणारा मंद उजेड पहाटे व संध्याकाळी क्षितिजापाशी दिसतो. ही धूळच बुधाला ओढत असावी, असे त्यांनी १९०६ मध्ये मांडले. धुळीची घनता आणि तिचे प्रतल सोयीचे धरले की आकडे जुळत. अडचण एवढीच, की लागणारी सगळी धूळ खरोखरच असती तर तो उजेड दिसतो त्याहून पुष्कळ प्रखर असायला हवा होता.

दुसरी वाट म्हणजे नियमच बदलणे. मंगळाचे उपग्रह शोधणारे असाफ हॉल यांनी १८९४ मध्ये सुचवले, की गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात नसून घातांक २ ऐवजी २.००००००१६ घ्यावा. त्यामुळे दर फेरीत कक्षा १८० अंश गुणिले ०.००००००१६, म्हणजे सुमारे ०.१०४ विकला जादा फिरते. बुध शतकात ४१५ फेऱ्या मारतो. गुणाकार करून पाहा, उत्तर ४३ येते!

पण नियम एकट्या बुधासाठी बदलता येत नाही. चंद्र शतकात पृथ्वीभोवती सुमारे १,३३७ फेऱ्या मारतो. हॉल यांच्या नियमाने त्याची कक्षाही सुमारे १३९ विकला जादा सरकायला हवी. चंद्राची गती अत्यंत काटेकोरपणे मोजलेली होती. ब्राऊन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चंद्राचे सविस्तर गणित मांडले, तेव्हा त्यात एवढ्या फरकाला जागाच नव्हती. हॉल यांची दुरुस्ती बुधाने सुचवली आणि चंद्राने फेटाळली.

याच वाटेवर आपल्याच व्यवसायातले एक गृहस्थ भेटतात. पाउल गेर्बर हे जर्मनीतल्या श्टारगार्ड गावी शाळाशिक्षक होते. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम तत्काळ न पोहोचता ठरावीक वेगाने पोहोचतो असे धरून त्यांनी १८९८ मध्ये एक सूत्र काढले. बुधाच्या जादा सरकीवरून त्यांनी हा वेग काढला, तो सेकंदाला ३ लाख किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ प्रकाशाचा वेग आला. विशेष म्हणजे, बुधाच्या सरकीसाठी पुढे आइन्स्टाइन यांनी दिलेले सूत्र अगदी हेच आहे!

मग श्रेय गेर्बर यांना का नाही? १९१७ मध्ये आइन्स्टाइनच्या एका विरोधकाने गेर्बर यांचा लेख पुन्हा छापून आणला, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. झेलिगर व लाउए यांनी ती मांडणी तपासून दोष दाखवले. गृहीत धरलेल्या गोष्टींतून ते सूत्र निघतच नव्हते. उत्तर बरोबर आणि रीत चूक, असा हा प्रकार. स्वतः गेर्बर हा वाद पाहायला हयात नव्हते; १९०९ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

आइन्स्टाइन यांनी १८ नोव्हेंबर १९१५ रोजी बर्लिनच्या अकादमीपुढे आपले गणित ठेवले. त्यात बुधासाठी सोयीने निवडलेला एकही आकडा नव्हता. सूर्याचे वस्तुमान, प्रकाशाचा वेग, बुधाची कक्षा या माहीत असलेल्या गोष्टी घातल्या आणि ४३ विकला बाहेर आल्या. त्याच समीकरणांनी सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाश १.७ विकला वळेल असेही सांगितले आणि २९ मे १९१९ च्या ग्रहणात ते पडताळून पाहता आले. चंद्राशीही त्यांचे भांडण झाले नाही.

आज तोच तिठा पुन्हा समोर आहे. दीर्घिकांच्या बाहेरच्या भागातले तारे अपेक्षेपेक्षा वेगाने फिरतात, हे १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन आदींच्या निरीक्षणांतून ठळक झाले. बहुसंख्य शास्त्रज्ञ अदृश्य ‘कृष्णद्रव्य’ मानतात. पण त्याचा कण अजून कोणाच्या हाती लागलेला नाही. मिलग्रोम यांनी १९८३ पासून गतीचा नियमच बदलण्याचा पर्याय मांडला आहे. पण दीर्घिकांच्या समूहांपाशी तो अडतो. नेपच्यून की व्हल्कन?

पुढच्या वेळी लंबवर्तुळ फळ्यावर काढाल, तेव्हा हॉल यांचा गुणाकार मुलांकडून करून घ्या. ४३ आल्यावर वर्ग खूश होईल. मग चंद्राचा गुणाकार द्या.