कर्नाटकातील दहावी : दोन दिवसांच्या परीक्षेपासून तीन संधींपर्यंत

बंगळूरुच्या यशवंतपूरमधील कन्नड शाळा असो वा बेळगावची मराठी शाळा, कर्नाटक राज्य मंडळाची दहावीची परीक्षा सर्वांना एकच. कोरोनाकाळात तिचे स्वरूप पालटले. 2021 मध्ये महाराष्ट्राने लेखी परीक्षा रद्द करून नववीचे गुण व अंतर्गत मूल्यमापन यांच्या आधारे निकाल लावला. कर्नाटकाने परीक्षा घेतली. मात्र सहा विषय दोन दिवसांत आटोपले. 19 जुलै रोजी गणित, विज्ञान व समाजविज्ञान, तर 22 जुलै रोजी तिन्ही भाषांची परीक्षा झाली. प्रत्येक विषयास 40 गुणांचे बहुपर्यायी प्रश्न होते. उत्तरे ओएमआर पत्रिकेवर नोंदवायची होती. परीक्षा देणाऱ्या कोणालाही अनुत्तीर्ण न करण्याचे धोरण शासनाने आधीच जाहीर केले होते. त्यामुळे त्या वर्षीच्या उत्तीर्णतेच्या प्रमाणाची अन्य वर्षांशी तुलना होऊ शकत नाही.

पुढील वर्षी वर्णनात्मक उत्तरपत्रिका परतली. 2023-24 पासून पुरवणी परीक्षेऐवजी वर्षात तीन परीक्षा घेण्यात येऊ लागल्या व विषयवार सर्वोत्तम गुण ग्राह्य धरले जाऊ लागले. 2021 मध्ये अपयश टळले ते निकष शिथिल केल्याने; नव्या पद्धतीत विद्यार्थ्यास पुन्हा प्रयत्नाची संधी मिळते.