खर्डा : लढाई एका दिवसाची, बाजार पिढ्यांचा

खर्डा म्हटलं की आपल्याला शाळेतलं इतिहासाचं पुस्तक आठवतं. 11 मार्च 1795. एका बाजूला सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस आणि सगळे मराठे सरदार, तर दुसऱ्या बाजूला हैदराबादचा निजाम अली. निजामाची दाणादाण उडाली, तो खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला आणि त्याला तह करावा लागला. सगळे मराठे सरदार एका झेंड्याखाली लढले ती ही शेवटची मोठी लढाई. परीक्षेत एवढं लिहिलं की मार्क मिळत आणि खर्डा संपे.

पण खर्डा तेवढ्यावर संपत नाही. लढाईच्या आधीही इथं माणसं राहत होती आणि नंतरही राहिली. दोन्ही बाजूंचं सैन्य मिळून दोन लाखांवर असल्याचं इतिहासकार सांगतात. एवढी माणसं, घोडी, बैल, हत्ती आणि मागून चालणारे बाजारबुणगे ज्या मुलखात उतरले, तिथल्या उभ्या पिकाचं काय झालं असेल? कडबा किती उरला असेल? असे प्रश्न आपण विचारत नाही, कारण बखरींना त्यात गोडी नसते. आज मी खर्ड्याची गोष्ट सांगणार आहे ती तलवारीची नाही, तराजूची.

खर्डा हे तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या अगदी आग्नेय टोकाला, जामखेड तालुक्यात येतं. जामखेडपासून ते सुमारे वीस किलोमीटरवर आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचं जन्मगाव चोंडी याच तालुक्यातलं. एकीकडे बीड, दुसरीकडे धाराशिव आणि मध्ये बालाघाटाचे डोंगर. इंग्रजी अमलात हा कोपरा फार विचित्र होता. जामखेड तालुक्यातली गावं निजामाच्या मुलखात अशी मिसळली होती की शेजारच्या गावी सोयरिकीला जायचं तर माणूस राज्य ओलांडून जाई. राज्य दुसरं, कायदा दुसरा, रुपयाही दुसरा. खर्ड्याच्या पेठेचं मर्म या सरहद्दीत आहे.

खर्डा हे निंबाळकरांचं ठाणं. हे घराणं निजामाच्या पदरचं. गावात त्यांचा मोठा वाडा होता आणि गावाबाहेरचा भुईकोट किल्ला त्यांनीच अठराव्या शतकाच्या मध्यात बांधला. सरदाराचं ठाणं आलं की शिबंदी येते, शिबंदी आली की दाणावैरण लागते, कापड, कातडं, लोखंड लागतं. मग वाणी येतो, सराफ येतो, शिंपी येतो, घोड्याला नाल ठोकणारा येतो. आपल्याकडच्या कितीतरी पेठा अशाच वसल्या. सरदार गेले, पेठ मात्र राहिली.

ती कशी राहिली याचा दाखला इंग्रजांनी 1884 मध्ये छापलेल्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये सापडतो. त्यात खर्ड्याविषयी थोडक्यात म्हटलं आहे, की गावात पाचशेहून जास्त व्यापारी, दुकानदार आणि सावकार आहेत. धान्य आणि देशी कापड यांचा मोठा व्यापार चालतो. आसपासच्या खेड्यांतून आणि बालाघाटावरून माल येतो आणि पश्चिमेला पुण्याकडे रवाना होतो. गुरांचाही बाजार भरतो. 1901 च्या शिरगणतीत खर्ड्याची लोकसंख्या 5,930 भरली. दोन्ही आकड्यांत सतरा-अठरा वर्षांचं अंतर आहे, पण ढोबळ हिशेब करायला हरकत नाही. लहानथोर धरून दर बारा माणसांत एक जण उदीम करणारा! घरटी पाच माणसं धरली तर जवळजवळ निम्मं गाव पेठेवर जगत होतं.

त्याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. त्याच 1901 च्या नोंदीत जामखेड तालुक्यात शहर म्हणून एकच नाव आहे, खर्डा. बाकी पंचाहत्तर खेडी. आणि त्या पंचाहत्तर खेड्यांत खुद्द जामखेडही आहे! कचेरी जामखेडला, पण शहर खर्डा.

हा बाजार चाले कसा, ते आता पाहू.

खेड्यातला रोजचा व्यवहार रोकडीवर नव्हताच. सुतारानं नांगर भरायचा, लोहारानं फाळ शेवटायचा, कुंभारानं मडकी द्यायची आणि सुगीला शेतकऱ्यानं त्यांना खळ्यावर बलुतं मोजायचं. वर्षभर कोणी कोणाला पैसा देत नसे. पण मीठ गावात पिकत नव्हतं. बांगडी, लुगडं, तांब्याची घागर, हळद, सुपारी, बैल यांतलं काहीच बलुत्यात बसत नव्हतं. त्यासाठी बाजार हवा होता आणि बाजारासाठी नाणं. बाई पदरात शेरभर ज्वारी बांधून यायची, ती वाण्याच्या मापात ओतायची आणि बदल्यात मीठ-मिरची घेऊन जायची. नाणं हातात न येताही सौदा व्हायचा. मात्र माप वाण्याचं असायचं, आणि खरी गोम तिथंच होती.

मापांचं कोष्टक माझ्या वयाच्या लोकांना अजून तोंडपाठ असेल. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पुढं मण आला की पंचाईत. कुठं बारा पायल्यांचा मण, कुठं सोळा पायल्यांचा, वीस मणांची खंडी. गाव बदललं की मण बदले. माप शिगोशीग भरायचं की फळी फिरवून, यावर घासाघीस चाले. घेताना शीग आणि देताना सपाट, ही दुकानदाराची जुनी रीत. म्हणून तर शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकून घेत. ते पाठांतर विद्वत्तेसाठी नव्हतं, बाजारात फसू नये म्हणून होतं. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, त्यानंतर टप्प्याटप्प्यानं किलो-लिटर आले आणि ही सगळी भाषा मुकी झाली.

खर्ड्यासारख्या सरहद्दीच्या पेठेत आणखी एक गुंता होता, तो नाण्याचा. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चाले, इंग्रजी मुलखात कलदार रुपया. विसाव्या शतकात शंभर कलदार रुपयांना हाली सुमारे एकशे सोळा-सतरा रुपये पडत. म्हणजे सहा कलदारांना सात हाली. बालाघाटावरून कोणी तूप किंवा जवस घेऊन आला, की भाव कुठल्या रुपयात सांगितला हे आधी ठरवावं लागे. मधला बट्टा सराफाचा. त्यात निजामाची करोडगिरी, म्हणजे जकात. मालाच्या किमतीवर शेकडा पाच. सरहद्द जिथं असते तिथं जकात असते आणि जकात चुकवणाऱ्या वाटाही असतात. अशा मुलखात बाजार भरला की दोन राज्यांची माणसं एका पालाखाली बसत.

गुरांच्या बाजाराचा थाट निराळा. बैल आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती की जुळलेला, हे जबडा उघडून पाहायचं. चालवून पाहायचा, खांदा चाचपायचा, अंगावरचे भोवरे पाहायचे. किंमत तोंडानं बोलायची नाही. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हातात हात घालत आणि बोटं दाबून भाव सांगत. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी सौदा दोघांतच राही. मग इसार, मग दावं हातात. आपल्या जिल्ह्यात आजही घोडेगावचा शुक्रवार आणि काष्टीचा शनिवार गुरांच्या बाजारासाठी नावाजलेला आहे. जुन्या बाजाराचा थोडासा वास तिथं अजून येतो.

मोठे व्यवहार हुंडीवर होत. खर्ड्याहून पुण्याला धान्य-कापड गेलं, तर तेवढी रोकड बैलगाडीत घालून डोंगरातून आणणं म्हणजे दरोडेखोराला आवतण. त्याऐवजी पेढीची चिठ्ठी चाले. दर्शनी हुंडी दाखवताच पटवायची, मुदती हुंडी ठरल्या दिवशी. कागदाचा चिटोरा, वर मोडीतल्या चार ओळी आणि त्यामागे उभी असलेली एका घराण्याची पत.

पण या पेठेचा गोडवाच सांगत बसलो तर ते अर्धसत्य होईल. गॅझेटियरच्या त्या वाक्यात व्यापारी आणि दुकानदार यांच्या जोडीला सावकारही आहेत. शेतसारा भरायचा तो रोख भरायचा आणि पाऊस तर उधारीवरही येत नाही. मग खत लिहून द्यायचं, अंगठा उठवायचा आणि सुगीचा माल खळ्यावरूनच सावकाराच्या घरी. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांचा उद्रेक झाला आणि बघता बघता तो आपल्या जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. जमाव सावकाराच्या दारी गेले ते मुख्यतः कर्जखतं मागायला. खतं हाती आली की ती जाळून टाकत. पुढच्याच वर्षी, 1876 ला पावसानं दगा दिला आणि मोठा दुष्काळ पडला. सरकारला 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्या जळालेल्या कागदांवरून पेठ आणि खेडं यांचं नातं कळतं. एकमेकांवाचून चालत नव्हतं आणि एकमेकांवर विश्वासही नव्हता.

दुसरी गोष्ट जातीची. बाजारात सगळे येत, पण सगळे एका ओळीत बसत नसत. दोर वळणारा, केरसुण्या बांधणारा, जोडे शिवणारा यांची जागा बहुधा कडेला. त्यांच्या दोराशिवाय मोट चालत नसे, त्यांच्या जोड्याशिवाय शेतात पाऊल पडत नसे. तरी त्यांच्या हातावर पैसा वरून टाकला जाई. पैशाला विटाळ नव्हता, हाताला होता. जुन्या दिवसांच्या आठवणी काढताना ही ओळ गाळून चालणार नाही.

मग ही पेठ ओसरली कशी? लढाईनं नव्हे, दुष्काळानंही नव्हे. मला दिसतं ते असं की वाटा बदलल्या. 1878 मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. जिल्ह्याचा माल त्या रुळांच्या दिशेनं वळू लागला आणि स्टेशनाशेजारच्या गावांचं नशीब फळफळलं. पुढं 1897 मध्ये दक्षिणेला बार्शीची छोटी रेल्वे धावू लागली, 1911 पर्यंत ती लातूरला पोचली. बालाघाटावरच्या मालाला बार्शी आणि लातूर असे दोन नवे दरवाजे उघडले. दोन रेल्वेंच्या मध्ये खर्डा कोरडं राहिलं. तरी सरहद्द होती तोवर सरहद्दीची कमाई होती. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, हाली शिक्का पुढं चलनातून गेला, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि ती रेघच पुसली गेली. मराठवाड्यातल्या माणसाला स्वातंत्र्य मिळालं, याहून आनंदाची गोष्ट नव्हती. पण बट्टा, जकात आणि दोन राज्यांमधला उदीम यांवर जगणाऱ्या पेठेला त्या दिवसापासून दुसरी वाट शोधणं भाग होतं. पुढं जामखेडला नगरपरिषद झाली. खर्ड्यात ग्रामपंचायत आहे. 1901 चा कागद उलटा झाला.

खर्ड्याच्या किल्ल्यासमोर 2021 मध्ये 74 मीटर उंचीचा भगवा ध्वज उभा राहिला. लांबून लोक तो पाहायला येतात, किल्ला पाहतात, लढाईची माहिती वाचतात. त्यांनी यावंच. माझं मागणं एवढंच आहे, की येणाऱ्यानं थोडी वाट वाकडी करून पेठेतूनही चक्कर मारावी.

आणि एक मागणं खर्ड्याच्याच नव्हे, जिल्ह्यातल्या सगळ्या जुन्या पेठांमधल्या घरांकडे. माळ्यावर, फडताळात, लाल कापडात गुंडाळलेल्या रोजमेळाच्या आणि खतावणीच्या वह्या असतील. अक्षर मोडी असेल, घरात कोणाला वाचता येत नसेल. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत जातात, लक्ष्मीपूजनाला नवी वही येते आणि शंभर वर्षांचा हिशेब किलोच्या भावानं निघून जातो. लढाईची बखर लिहायला पदरी कारकून होते. शेरभर ज्वारी देऊन मीठ नेणाऱ्या बाईची नोंद झाली असेल तर ती त्या वहीतच. कुठल्या साली ज्वारी काय भावानं गेली, कोणाकडे किती उधारी राहिली, कोणी बैल विकून कर्ज फेडलं, हे दुसरीकडे कुठंही लिहिलेलं नाही. ती वही टाकू नका. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, मोडी शिकवणारे वर्गही चालतात. त्यांना एकदा ती दाखवा.