स्वतंत्रपूर आणि आपण

अफझलगंजच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेविषयी चाललेले बोलणे आमच्या कानी पडले. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असून माल परत केला, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा. ‘मग चोराला धाक कसला?’ असा एकूण सूर होता.

शंका जुनीच आहे. १९३९ साली औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले. तेथे कैदी बेड्यांवाचून, कुटुंबासह राहून शेती करू लागले. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांची कथा आणि व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा चित्रपट जन्मास आला. तो पाहून आपल्या वडीलधाऱ्यांचे डोळे पाणावले. पण सुटून आलेल्या माणसास खोली भाड्याने देताना आपला हात आखडतोच.

आम्हीही त्यास अपवाद नाही. सेवेत असताना शिक्षा भोगून आलेल्या एका इसमाच्या अर्जावर आम्ही प्रतिकूल शेरा मारला होता. तो आजही टोचतो. स्वतंत्रपूरची खुली वसाहत अद्याप चालू आहे. नव्या कायद्याने वाट दाखविली आहे. त्या वाटेने परतणाऱ्यास काम आणि शेजार मात्र आपणच द्यावयाचा आहे.